पेवातलं पान

मोबाइल हळू चालायला लागला की घरातली तरुण मुलं एक सल्ला हमखास देतात, 'कॅश क्लिअर करा.' आमच्या पिढीला कॅश म्हटलं की बँकेची खिडकी आठवते, तिथला कॅशियर आठवतो आणि पगाराच्या दिवशीची रांग आठवते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी हा सल्ला ऐकून चांगलेच दचकले होते. 'अरे, फोनला बँक जोडलेली आहे, कॅश साफ केली तर राहील काय?' असा त्यांचा रास्त सवाल होता.

गुरुजींचा गोंधळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठीत लिहिताना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. पैशाची कॅश पेटी या अर्थाच्या शब्दातून आली. संगणकातली कॅश फ्रेंच भाषेतल्या लपवणं या क्रियापदावरून आली. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत कातडी गोळा करत फिरणारे फ्रेंच भाषक शिकारी परतीच्या वाटेसाठी धान्य, दारूगोळा, कातडी असं सामान जमिनीत खड्डा करून पुरून ठेवत. ओझं हलकं होई आणि परतताना वाटेतच शिधा मिळे. या पुरलेल्या साठ्याला ते कॅश म्हणत.

मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची अमेरिकेतली मोहीम प्रसिद्ध आहे. १८०४ साली ते मिसुरी नदीने वर निघाले आणि १८०५च्या उन्हाळ्यात त्यांनी वाटेत असे साठे पुरले. गंमत अशी की लुईस यांनी आपल्या रोजनिशीत या शब्दाचं स्पेलिंग पैशाच्या कॅशसारखंच केलेलं आहे. म्हणजे आमच्या गुरुजींच्या आधी दोनशे वर्षं हा घोटाळा होऊन गेला होता. जुलै १८०६मध्ये परतताना लुईस यांनी धबधब्यांजवळचा एक साठा उकरला. नदीला पूर येऊन पाणी आत शिरलं होतं. अस्वलांची कातडी कुजली होती आणि मोठ्या कष्टानं जमवलेले वनस्पतींचे नमुनेही नष्ट झाले होते. कातडी पुन्हा मिळाली असती, पण ते नमुने गेले ते गेलेच. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे ती कामाला येणार आहे.

मराठीत या कॅशला शब्द शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आपल्याकडे पेव आहे. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा-भुसा लावलेलं, धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर नावाजलेली. २००५च्या महापुरात त्या पेवांतही पाणी शिरलं. एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण पेव फुटलं म्हणतो, ते याच पेवावरून. तेव्हा यापुढे मी कॅशला अधूनमधून पेव म्हणालो, तर समजून घ्यावं. फरक एकच. धान्याच्या पेवात खुद्द धान्यच असतं, संगणकाच्या पेवात मात्र असते मूळ वस्तूची नक्कल.

संगणकात हा शब्द १९६८च्या सुमारास आला. आयबीएम कंपनी तेव्हा सिस्टीम ३६० मालिकेतलं मॉडेल ८५ बाजारात आणत होती. या यंत्राचा हिशेब करणारा भाग अतिशय चपळ होता, पण त्याला आकडे पुरवणारी मोठी स्मृती त्या मानानं संथ होती. म्हणून दोघांच्या मधे १६ ते ३२ किलोबाइटची एक छोटी, वेगवान स्मृती बसवली. जे नुकतंच लागलं आहे ते बहुधा लगेच पुन्हा लागेल, म्हणून ते हाताशी ठेवायचं, एवढीच कल्पना. आपल्या स्वयंपाकघरात वर्षाचं तिखट-मीठ बरण्यांत असतं आणि रोजच्या फोडणीसाठी मिसळणाचा डबा ओट्यावर असतो, तसंच हे. अशाच कल्पनेवर केंब्रिज विद्यापीठाच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५मध्ये लेख लिहिला होता. आयबीएमच्या नियतकालिकासाठी मॉडेल ८५वरचा लेख आला, तेव्हा त्या लेखातलं या छोट्या स्मृतीचं बोजड नाव संपादक लायल जॉन्सन यांना रुचेना. त्यांनी कॅश हा शब्द सुचवला आणि तो कायमचा चिकटला. एका संपादकानं एक शब्द बदलला आणि तो जगभर गेला, याचं माझ्यासारख्या शब्दांच्या धंद्यातल्या माणसाला कौतुक वाटतं.

आता वेबकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, १९९०मध्ये पहिला ब्राउझर लिहिला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे सारं तंत्र सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा ब्राउझर आला. पानात मजकुराबरोबर चित्रं दिसू लागली आणि सामान्य माणूस वेबकडे वळला. पण चित्रं आली तशी अडचणही आली. तेव्हाचा चांगला मोडेम सेकंदाला २८,८०० बिट आणायचा. हिशेब केला तर ५० किलोबाइटचं एक चित्र यायला, सगळं सुरळीत असलं तरी, चौदा सेकंद लागत. पुढच्या पानावर जाऊन मागे फिरलं की पुन्हा तेच चित्र, पुन्हा चौदा सेकंद आणि टेलिफोनचं मीटर चालूच.

यावर उपाय म्हणून ब्राउझरनं पेव खणलं. त्याचं काम समजायला सोपं आहे. आपण एखादा पत्ता टाकतो, तेव्हा ब्राउझर दूरच्या संगणकाकडून ते पान मागवतो. मजकूर येतो, मग त्यातली चित्रं एकेक करून येतात. हे सारं पडद्यावर दाखवता दाखवता ब्राउझर त्याच्या नकला आपल्या डिस्कवर ठेवतो आणि एका वहीत नोंद करतो: अमुक पत्ता, अमुक फाइल, अमुक दिवशी आणली. फाइलींना तो स्वतःच्या सोयीची चमत्कारिक नावं देतो, म्हणून तो फोल्डर उघडला तर आपल्याला काही उमगत नाही. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये या फोल्डरचं नाव 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स' असं होतं. टेम्पररी म्हणजे तात्पुरतं. त्या काळच्या किती संगणकांत हे तात्पुरतं वर्षानुवर्षं पडून होतं, याची गणती नाही. सरकारी खात्यातल्या टेम्पररीसारखंच म्हणा ना.

साठवणं सोपं असतं. खरा प्रश्न असतो तो साठवलेलं शिळं झालं का, हा. यासाठी वेबच्या नियमांत एक छान संवाद आहे. ब्राउझर दूरच्या संगणकाला विचारतो, 'माझ्याकडे हे पान १५ तारखेचं आहे, त्यानंतर काही बदललं का?' बदललं नसेल तर तिकडून फक्त एक आकडा येतो, ३०४. त्याचा अर्थ, बदल नाही, तुमच्याकडचं आहे तेच वाचा. पन्नास किलोबाइटचं काम दोन ओळींत भागतं. पान पाठवणारा सोबत मुदतही सांगू शकतो, औषधाच्या पाकिटावर असते तशी. मुदत लिहिलेलीच नसेल, तर ब्राउझर अंदाज करतो. जे पान दहा दिवस बदललेलं नाही, ते आणखी एक दिवस बदलणार नाही असं धरून चालावं, असा साधारण दहा टक्क्यांचा ठोकताळा नियमावलीतच सुचवलेला आहे. माणसांबद्दलचे आपले अंदाज याहून फार वेगळे असतात असं मला वाटत नाही.

जानेवारी १९९७मध्ये नियमांची जी नवी आवृत्ती आली, तिनं पेवाचे कायदे बारकाईनं घालून दिले. १९९९मध्ये ते सुधारले गेले आणि जून २०२२मध्ये पुन्हा नव्यानं मांडले गेले. त्यांतले दोन शब्द मोठे मजेदार आहेत. 'नो-कॅश' असं सांगितलं तर कुणालाही वाटेल की साठवू नका. प्रत्यक्षात अर्थ असा, की साठवा, पण दर वेळी विचारून मगच वापरा. मुळीच साठवू नका असं सांगायचं, तर 'नो-स्टोअर' म्हणावं लागतं. आणि पेव भरलं की काय? मग बेदखल करायची वेळ येते. ज्या पानाला सगळ्यात जास्त काळ कुणाचा हात लागलेला नाही, ते साधारणपणे आधी बाहेर जातं. पान चांगलं की वाईट, दुर्मीळ की सर्रास मिळणारं, हे यंत्र पाहत नाही. किती दिवसांत कुणी विचारलं नाही, एवढंच पाहतं.

घरोघरच्या पेवांबरोबर गावकीची मोठी पेवंही तयार झाली. मे १९९४मध्ये जिनिव्हात वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा सर्नचे आरी लुओटोनेन आणि इंटेलचे केव्हिन अल्टिस यांनी अशी व्यवस्था मांडली होती: एका संस्थेतल्या सगळ्यांसाठी मधे एक संगणक, एकानं मागवलेलं पान तिथे ठेवायचं आणि दुसऱ्यानं मागितलं तर तिथूनच द्यायचं. ब्रिटनमध्ये तर हा पैशाचा प्रश्न झाला. तिथल्या विद्यापीठांना अमेरिकेशी जोडणारी समुद्राखालची तार अपुरी पडू लागली. केंट विद्यापीठात सगळ्या देशातल्या विद्यापीठांसाठी एक सामाईक पेव चालवलं गेलं आणि ऑगस्ट १९९८पासून अटलांटिकपलीकडून येणाऱ्या दर मेगाबाइटला विद्यापीठांकडून दोन पेन्स आकारले जाऊ लागले. एका विद्यार्थ्यानं वाचलेलं पान दुसऱ्याला पेवातून मिळालं, की दोन पैसे वाचले. काटकसर हीच या तंत्राची आई.

आपल्याकडे विदेश संचार निगमानं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तालुक्याच्या गावापर्यंत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्यांना आणि घरच्या टेलिफोनवरून जोडणी घेणाऱ्यांना या पेवाचा एक उपयोग लवकरच कळला. आठ-दहा पानं भराभर उघडायची, जोडणी तोडायची, टेलिफोन मोकळा करायचा आणि मग 'वर्क ऑफलाइन' करून ती पानं सावकाश वाचायची. मी स्वतः परदेशातल्या उर्दू-मराठी कवितांची कितीतरी पानं अशी वाचली आहेत. वाचत असताना ती पानं माझ्याच घरात होती, जगात कुठेही जोडलेली नव्हती.

इथे एक जुना समज मोडतो. ग्रंथालयातलं पुस्तक आपण वाचतो, तेव्हा त्याची नक्कल होत नाही. वेबवर मात्र नक्कल केल्याशिवाय वाचताच येत नाही. पडद्यावर एक नक्कल, डिस्कवर दुसरी. मग कायद्यानं पाहिलं तर प्रत्येक वाचक नकलाकार ठरतो की काय? हा प्रश्न खरोखरच कोर्टात गेला. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांच्या परवान्यांचं काम पाहणारी संस्था आणि जनसंपर्क व्यावसायिकांची संघटना यांच्यात तो वाद होता. बातम्या नुसत्या ब्राउझरमध्ये वाचायलाही परवाना लागेल का, असा मुद्दा होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये वाचकाच्या बाजूनं मत दिलं आणि प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. ५ जून २०१४ रोजी त्या न्यायालयानंही सांगितलं, की पान पाहताना पडद्यावर आणि कॅशमध्ये होणाऱ्या नकलांसाठी वेगळी परवानगी लागत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२च्या दुरुस्तीनं तंत्राच्या ओघात होणाऱ्या क्षणिक साठवणीला सूट दिलेली आहे. निकाल उलटा लागला असता, तर नुसतं वाचणं हा गुन्हा ठरण्याची वेळ आली असती. मी लेखक आहे, मानधनाचं मोल मला ठाऊक आहे. तरी हा निकाल वाचकाच्या बाजूनं लागला याचं मला समाधान वाटतं.

पेवाची दुसरी बाजू मात्र काळजीची आहे. जे वाचलं त्याची नक्कल राहते, म्हणजे काय वाचलं त्याचा पुरावाही राहतो. सायबर कॅफेच्या दिवसांत एकाच संगणकावर दिवसभरात वीस-पंचवीस माणसं बसून जात. कुणी वधू-वर सूचक मंडळाचं पान पाहिलेलं असे, कुणी एखाद्या आजाराची माहिती वाचलेली असे, कुणी दुसऱ्या नोकरीच्या शोधात असे. आमच्या गावातल्या एका कॅफेत मालकाचा पोऱ्या दुकान बंद झाल्यावर ही पानं उघडून पाहत बसे आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याच्या गप्पा होत. छोट्या गावात, विशेषतः एखाद्या मुलीच्या बाबतीत, अशा गप्पांचा शेवट काय होतो हे सांगायला नको.

तो पोऱ्या निदान संगणकापाशी तरी बसत होता. पण प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी २००० साली दाखवून दिलं, की दुरूनही डोकावता येतं. युक्ती साधी होती. तुम्ही माझ्या पानावर आलात की मी तुमच्या ब्राउझरला गुपचूप दुसऱ्या ठिकाणचं एक चित्र आणायला सांगायचं आणि किती वेळ लागला ते मोजायचं. चित्र चटकन आलं तर ते तुमच्या पेवात आधीपासून होतं, म्हणजे तुम्ही त्या ठिकाणी जाऊन आला आहात. रात्रीच्या जेवणात पानावर चटकन लोणचं आलं, तर घरात बरणी भरलेली आहे हे पाहुण्याला कळतं, तसं. या फटीवर इलाज व्हायला बराच काळ गेला. पेवात भिंती घालून प्रत्येक संकेतस्थळाचा कप्पा वेगळा करायचा, असा तो इलाज होता. सफारीनं तो २०१३मध्ये केला, क्रोमनं २०२०मध्ये आणि फायरफॉक्सनं २०२१मध्ये. त्यामुळे एकच चित्र आता अनेक कप्प्यांत अनेकदा साठवावं लागतं. काटकसरीसाठी जन्मलेल्या तंत्राला अब्रूसाठी थोडी उधळपट्टी करावी लागली. ती योग्यच झाली.

आता तिसरी बाजू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पेव हे स्मरणाचं काम करू शकतं का?

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हल्ला झाला, तेव्हा जगभरचे लोक एकाच वेळी बातम्यांच्या संकेतस्थळांवर तुटून पडले आणि ती संकेतस्थळं कोलमडली. गूगलनं त्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर लोकांना चक्क रेडिओ आणि टीव्हीकडे जायला सांगितलं आणि खाली वृत्तपत्रांच्या पानांच्या आपल्या पेवातल्या, काही तास जुन्या नकला दिल्या. मूळ पान उघडत नव्हतं, तेव्हा नक्कल कामाला आली. त्याच दिवसाची दुसरी गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. एमआयटीतले प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८मध्ये आकामाई ही कंपनी काढली होती. जगभर हजारो संगणकांवर पानांच्या नकला पेरून ठेवायच्या आणि वाचकाला जवळची नक्कल द्यायची, हे तिचं काम. त्या दिवशी अनेक मोठी वृत्तसंकेतस्थळं तग धरू शकली, ती या व्यवस्थेमुळे. पण मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात स्वतः लेविन होता. त्याचं वय होतं ३१ वर्षं. त्याच्या मृत्यूची बातमी जगानं वाचली, ती काही अंशी त्यानंच बांधलेल्या पेवांतून.

तेव्हापासून लोकांच्या मनात आशा पालवली, की मूळ बुडालं तरी नकला तारतील. आपल्या मराठी माणसाला ही आशा नवी नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, ही कथा आपण सांगतो. ती लोकांच्या मुखात होती म्हणून तरली, असाही तिचा अर्थ जाणत्यांनी लावलेला आहे. मी ज्या मोहल्ल्यात वाढलो, तिथले हाफिजसाहेब संपूर्ण कुराण मुखोद्गत म्हणत. रमजानच्या रात्री ते तरावीहमध्ये म्हणत असताना कुठे एखादा जेर-जबर चुकला, तर मागच्या रांगेतला दुसरा हाफिज तिथल्या तिथे दुरुस्त करी. एका छातीतली प्रत दुसऱ्या छातीतल्या प्रतीशी रोज ताडून पाहिली जात होती.

संगणकाच्या पेवांतूनही गाथा तारण्याचा प्रयत्न झाला. २००६च्या सुमारास अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातल्या फ्रँक मॅककाउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉरिक नावाचा प्रोग्रॅम तयार केला. एखादं संकेतस्थळ नष्ट झालं, तर गूगल, याहू वगैरेंच्या पेवांत आणि इंटरनेट अर्काइव्हमध्ये त्याची जी पानं सापडतील, ती वेचून तो ते पुन्हा उभं करायचा प्रयत्न करी. अर्काइव्ह सोडलं, तर ही पानं कुणी जपावीत म्हणून ठेवलेली नव्हती. घाईत ठेवली गेली होती आणि योगायोगानं उरली होती.

अशा योगायोगाचा मलाही एकदा अनुभव आला. पंचवीसेक वर्षांपूर्वी काही हौशी मंडळींनी मराठी कवितांचं एक छोटं संकेतस्थळ चालवलं होतं. माझ्या काही कविता त्यावर होत्या आणि आमच्याच भागातल्या एका कवीच्या सात-आठ कविता होत्या. पुढे संकेतस्थळ बंद पडलं. तो कवीही अकाली गेला. त्याच्या घरी वह्या शोधल्या, तर त्यांतल्या काही कविता कागदावर कुठेच नव्हत्या. एका मित्राचा जुना संगणक माळ्यावर पडून होता. त्याच्या पेवात त्या संकेतस्थळाची काही पानं सापडली. आम्ही आनंदानं उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टिंबं यांचा नुसता रवाळ काला.

हे काय होतं, ते त्या काळात मराठी वेब वाचणाऱ्यांना लगेच कळेल. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून जागा होती आणि विंडोज २०००मध्ये तिची सोयही झाली होती. पण तोवर, आणि पुढेही बरीच वर्षं, आपली वृत्तपत्रं आणि संकेतस्थळं आपापले फाँट वापरत. पानात साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरांच्या जागेवरची चिन्हं. त्यांना देवनागरी रूप देई तो फाँट. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये १९९७पासून पानाबरोबर फाँटही आपोआप येऊ लागला, पण तो बहुधा त्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी जखडलेला असे. पत्ता गेला की फाँट निरुपयोगी आणि फाँट गेला की पान मुकं. पेवात धान्य होतं, पण ते दळायचं जातं हरवलं होतं. शेवटी एका जाणकार मुलानं अंदाजानं फाँट ओळखला, चिन्हं युनिकोडमध्ये फिरवून दिली, जोडाक्षरं आम्ही हातानं सुधारली. त्या मित्राच्या दोन कविता मिळाल्या. तिसरीचं पान पेवात होतं, पण अर्ध्यावर तुटलेलं. बाकीच्या गेल्या.

त्या दोन का उरल्या आणि बाकीच्या का गेल्या? चांगल्या होत्या म्हणून उरल्या असं म्हणता येत नाही. कधीतरी एका संध्याकाळी कुणीतरी तीच दोन पानं शेवटची उघडली होती, एवढंच त्याचं कारण. पेवाचा न्याय असा असतो. पण तो पेवाचा दोष नाही. ते घाईच्या वेळी हाताशी असावं म्हणून खणलं होतं आणि ते काम त्यानं चोख केलं.

दोष असलाच तर तो पेवाला दप्तरखाना समजण्याचा. गूगलनं आपल्या शोधपानातल्या कॅशच्या कड्या २०२४च्या सुरुवातीला काढून टाकल्या. पानं उघडणं पूर्वी अवघड होतं म्हणून ती सोय केली होती, आता परिस्थिती सुधारली आहे, असं कारण दिलं गेलं. काटकसरीच्या हिशेबानं ते बरोबरही असेल. पण ज्या संशोधकांना, पत्रकारांना तो दप्तरखाना वाटत होता, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलनं जुन्या पानांसाठी इंटरनेट अर्काइव्हकडे जाणारा दुवा दिला. हे अर्काइव्ह ब्रूस्टर केल यांनी १९९६मध्ये सुरू केलं ते मुळी जपण्यासाठीच. याहूनं २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद केलं, तेव्हा सामान्य माणसांनी हौसेनं बांधलेली लाखो पानं पुसली जाणार होती. त्यांतली जी वाचली, ती अर्काइव्हनं आणि काही स्वयंसेवकांनी आधी ठरवून, रात्रंदिवस खपून उतरवून घेतली म्हणून. योगायोगावर त्यांनी विसंबून राहायचं नाकारलं.

आपल्या मराठीपुरतं बोलायचं, तर १९९६ ते २००५ या दहा वर्षांत वेबवर मराठी लिहिणारी पहिली पिढी घडली. अमेरिकेतली, आखातातली, पुण्या-मुंबईतली, तालुक्याच्या गावांतली. त्यांचं पुष्कळसं लेखन तेव्हाच्या फाँटांत अडकलेलं आहे. काही जुन्या डिस्कांवर, काही माळ्यावरच्या संगणकांत. ते संगणक भंगारात जायच्या आत कुणी तरी ती पानं काढावीत, युनिकोडमध्ये फिरवावीत, शक्य तर कागदावरही छापावीत. विद्यापीठांचे मराठी विभाग, जिल्हा ग्रंथालयं, साहित्य परिषदेच्या शाखा यांना हे काम जड नाही. कॉलेजातली दोन मुलं आणि एक जुना जाणकार एवढं मनुष्यबळ पुरेल.

आपल्या शेतकऱ्याला हा भेद चांगला कळत होता. खाण्याचं धान्य पेवात जाई. त्याला कीड लागली, पाणी लागलं, तर वर्ष अवघड जाई, पण निभावून नेता येई. बियाणं मात्र तो त्या पेवात टाकत नसे. ते निवडून, वाळवून, राख लावून वेगळ्या मडक्यात ठेवलं जाई, मडक्याचं तोंड लिंपलं जाई आणि घरातल्या बाईची त्याच्यावर नजर असे. लुईस यांनी वनस्पतींचे नमुने कातड्यांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले आणि नदीनं दोन्ही सारखंच भिजवलं. आपल्या भाषेतलं काय खाण्याचं आणि काय बियाण्याचं, हे यंत्र आपल्याला सांगणार नाही. ते आपणच निवडायचं आहे, आणि बियाण्याचं मडकं वेगळं ठेवायचं आहे.